स्टॅन्ली कपविना हेन्रिक लुंडक्विस्ट: गोलरक्षकाचे मोठेपण कशावरून ठरवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हेन्रिक लुंडक्विस्ट पंधरा हंगाम न्यूयॉर्क रेंजर्सच्या जाळ्यासमोर उभा राहिला, पण स्टॅन्ली कप, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या विजेतेपदाचा चषक, त्याला एकदाही उचलता आला नाही. अशा खेळाडूला आइस हॉकीच्या थोर गोलरक्षकांत बसवणे हे केवळ चाहत्यांचे प्रेम आहे, की त्याला खेळातला काही आधार आहे? आणि कप हुकण्यात त्याचा स्वतःचा वाटा किती होता?

तरुण गोलरक्षकांना शिकवणे हेच माझे काम असल्यामुळे मी या प्रश्नाकडे जाळ्याच्या बाजूने पाहतो, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लुंडक्विस्ट थोर आहे. कप नसतानाही थोर आहे अशी सवलत त्याला द्यावी लागत नाही, कारण ज्या सामन्यांत कप हातातून जातो किंवा हातात येतो, नेमक्या त्याच सामन्यांत त्याचा खेळ त्याच्या नेहमीच्या उंचीपेक्षाही वर गेलेला दिसतो. त्याच्या खेळात दोष नव्हते असे मात्र नाही, आणि त्या दोषांबद्दलही पुढे लिहिणार आहे.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. लुंडक्विस्टच्या काळात नॅशनल हॉकी लीगचा नियमित हंगाम साधारणपणे ८२ सामन्यांचा असे. त्यातून सोळा संघ प्लेऑफमध्ये जातात आणि तिथे चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो, म्हणजे कपसाठी सोळा विजय लागतात. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली तर कोणीतरी गोल करेपर्यंत ओव्हरटाइम चालतो. बाकीचे खेळाडू पाऊण-एक मिनिट खेळून बाकावर येतात आणि दुसरी फळी बर्फावर उतरते. गोलरक्षक मात्र सामना संपेपर्यंत तिथेच असतो. त्यामुळे हार झाली की नजर त्याच्याकडे वळणे स्वाभाविक आहे. पण गोल करण्याचे काम त्याच्या हातात नाही. तो समोरच्या संघाला शून्यावर रोखू शकतो, आपल्या संघाची धावसंख्या म्हणावी तशी गोलसंख्या वाढवू शकत नाही. या एका गोष्टीचा नीट विचार केल्याशिवाय कपवरून गोलरक्षकाची प्रतवारी लावणे मला पटत नाही.

लुंडक्विस्टचा जन्म २ मार्च १९८२ रोजी स्वीडनमधील ओरे या डोंगराळ भागात झाला. त्याचा जुळा भाऊ योएल हाही पुढे नावाजलेला खेळाडू झाला. २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, रेंजर्सने हेन्रिकला सातव्या फेरीत, २०५ व्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडूही गोलरक्षकच होता: रिक डिपिएट्रो, आणि तोही न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचा, आयलंडर्सचा. दुखापतींनी डिपिएट्रोची कारकीर्द १३० विजयांवर थांबवली. लुंडक्विस्टचे ४५९ झाले. अठराव्या वर्षी गोलरक्षक ओळखणे किती अवघड असते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही. गोलरक्षकाची वाढ उशिरा होते, आणि लुंडक्विस्टला ती वाढ होण्यासाठी गोथेनबर्गच्या फ्रोलुंडा संघात पुरेसा वेळ मिळाला. त्या संघाबरोबर त्याने २००३ आणि २००५ अशी दोनदा स्वीडिश लीग जिंकली. यातला २००४-०५ चा हंगाम विशेष महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकेतील लीग मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे त्या वर्षी पूर्ण बंद राहिली आणि तिथले अनेक खेळाडू युरोपात खेळायला आले. अशा भरगच्च स्पर्धेत तो वर्षातील सर्वोत्तम स्वीडिश खेळाडू ठरला.

त्यामुळे ‘त्याने काहीच जिंकले नाही’ हे विधान मुळातच चुकीचे आहे. पहिल्याच अमेरिकन हंगामाच्या मध्यावर, २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये, २३ वर्षांच्या लुंडक्विस्टने स्वीडनसाठी अंतिम सामना खेळला. फिनलंडविरुद्ध ३-२ अशी आघाडी असताना अखेरच्या काही सेकंदांत ऑली योकिनेनचा फटका त्याने स्टिकने अडवला आणि सुवर्णपदक स्वीडनकडे आले. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून ३-० अशी हार होऊन रौप्य मिळाले. २०१७ मध्ये कोलोन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने कॅनडाला पेनल्टी फटक्यांत एकही गोल करू दिला नाही, आणि त्या विजेत्या संघात योएलही होता. हे सारे उत्तर अमेरिकेतील चर्चेत बाजूला पडते, कारण तिथे स्टॅन्ली कप हे एकच माप वापरले जाते. हे माप जुने आणि मानाचे आहे, पण ते संघाचे माप आहे.

आता रेंजर्सकडे येतो. तो येण्यापूर्वी सलग सात हंगाम हा संघ प्लेऑफपर्यंतही पोहोचलेला नव्हता, आणि हे घडत होते पैशाची अजिबात टंचाई नसताना. २००५-०६ मध्ये लुंडक्विस्ट आला, मूळ पहिला गोलरक्षक केव्हिन वीक्स जखमी झाल्यावर त्याला जागा मिळाली आणि ती त्याने पुन्हा सोडली नाही. पुढच्या बारा हंगामांपैकी अकरा वेळा रेंजर्स प्लेऑफमध्ये गेले. पहिल्या सातही हंगामांत त्याने ३० किंवा अधिक विजय मिळवले, जे त्याआधी कोणत्याही गोलरक्षकाला जमले नव्हते. वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणारी व्हेझिना ट्रॉफी त्याला २०१२ मध्ये मिळाली. त्या हंगामात त्याने ३९ सामने जिंकले आणि दर सामन्याला सरासरी १.९७ गोल दिले. निवृत्त होताना त्याच्या खात्यावर ८८७ सामने, ४५९ विजय आणि ६४ शटआउट, म्हणजे एकही गोल न देता संपवलेले सामने, होते. एकूण विजयांत तो तेव्हा सर्वकाळच्या यादीत सहावा होता आणि युरोपात जन्मलेल्या गोलरक्षकांत पहिला.

या आकड्यांमागचा काळही लक्षात घ्यावा. २००५ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा गोल वाढावेत म्हणून नियम मुद्दाम बदलले गेले. धरपकड आणि अडवणुकीवर शिक्षा कडक झाल्या, लांब पासवरचे बंधन गेले, गोलरक्षकाच्या पायांवरील पॅडची रुंदी १२ इंचांवरून ११ इंचांवर आली. म्हणजे लुंडक्विस्टची संपूर्ण अमेरिकन कारकीर्द गोलरक्षकाला प्रतिकूल केलेल्या नियमांखाली झाली. तरीही त्याची बचावाची टक्केवारी ९१.८ राहिली, शंभर फटक्यांपैकी जवळजवळ ९२ त्याने अडवले. ही टक्केवारी नवख्या वाचकाला सपाट वाटते, म्हणून तिचा अर्थ सांगतो. सामन्याला ३० फटके आणि हंगामात ६० सामने धरले तर १८०० फटके होतात. टक्केवारीत एका अंकाचा फरक म्हणजे हंगामात १८ गोलांचा फरक, आणि एका-एका गोलाने सुटणाऱ्या सामन्यांच्या या लीगमध्ये १८ गोल म्हणजे प्लेऑफमध्ये जाणे आणि घरी बसणे यांतले अंतर.

त्याच्या खेळाची पद्धत हा माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाचा गाभा आहे, आणि वारशाची चर्चा करताना त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आइस हॉकीचे गोलजाळे सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. पक, म्हणजे चेंडूच्या जागी वापरली जाणारी रबरी चकती, तीन इंच व्यासाचा आणि साधारण १७० ग्रॅम वजनाचा. पारंपरिक शिकवण अशी की गोलरक्षकाने पुढे सरकावे, म्हणजे फटका मारणाऱ्याला जाळे कमी दिसते. भूमितीच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या बाजूने पास गेला, तर त्याला नव्या जागी पोहोचायला मोठा कंस कापावा लागतो आणि तेवढ्यात जाळे उघडे पडते. रेंजर्सचे गोलरक्षक प्रशिक्षक बेन्वा अलेर यांनी लुंडक्विस्टला उलट दिशेने नेले. तो जवळजवळ गोलरेषेवर, टाचा रेषेच्या जवळ ठेवून खेळू लागला. मागे राहिल्याने त्याला बाजूला सरकायचे अंतर कमी झाले आणि फटका पाहायला क्षणाचा काही अंश अधिक मिळाला. बदल्यात फटका मारणाऱ्याला कोपरे अधिक दिसू लागले. हा सौदा फायद्याचा ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात: अत्यंत जलद प्रतिक्षिप्त क्रिया, आणि गुडघे बर्फावर टेकवून पाय दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या बटरफ्लाय मुद्रेतही धड ताठ ठेवून वरचे कोपरे झाकण्याची क्षमता. लुंडक्विस्टकडे दोन्ही होत्या. डोक्यावरील मुखवट्याने मुद्दाम पक उडवून लावण्याची त्याची सवय पाहून नवे प्रेक्षक चकित होत. ती हौस नव्हती. पकचा मार्ग इतका आधी वाचता आला तरच असे करता येते.

मी शिकवतो त्या मुलांना त्याची नक्कल करू नका असे मला वारंवार सांगावे लागते. खोल उभे राहणे दिसायला सोपे आहे, परंतु ज्याची नजर आणि हात त्या वेगाचे नाहीत त्याने ते केले तर वरचे दोन्ही कोपरे आयते हाती दिल्यासारखे होते. त्याच्याकडून खरोखर घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. फटका अडवल्यानंतर तो कधी ताटकळत नसे. पक कुठे गेला हे डोक्याने आधी शोधायचे, मग खांदे, मग पाय, हा क्रम त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसतो. आज त्याच्यासारखे गोलरेषेला खेटून फारसे कोणी उभे राहत नाही, पण गोलरक्षकाने किती पुढे यावे याचा निर्णय पासच्या शक्यतेवर ठरवावा, हा विचार त्याच्या यशामुळे प्रशिक्षणात पक्का झाला असे मी मानतो.

आता प्लेऑफ. त्याच्या विरोधातला मुख्य आकडा हा की प्लेऑफमधील १३० सामन्यांत त्याचे ६१ विजय आणि ६७ पराभव आहेत. पराभव अधिक आहेत म्हणून तो मोठ्या सामन्यांत कमी पडला, असा निष्कर्ष काढला जातो. पण याच १३० सामन्यांत त्याची बचावाची टक्केवारी ९२.१ आहे आणि सरासरी २.३० गोल, म्हणजे समोर अधिक चांगले संघ असताना दोन्ही आकडे नियमित हंगामापेक्षा सुधारलेले आहेत. खेळ सुधारला आणि विजय घटले, तर कारण जाळ्यापासून दोनशे फूट दूर, समोरच्या जाळ्यापाशी शोधावे लागते.

निर्णायक सातव्या सामन्यांचा हिशेब तर मी प्रत्येक शंकेखोराला मांडून दाखवतो. लुंडक्विस्टने असे आठ सामने खेळले. २००९ मध्ये वॉशिंग्टनने रेंजर्सना २-१ असे हरवले. नंतर सलग सहा सातवे सामने त्याने जिंकले: २०१२ मध्ये ओटावाविरुद्ध २-१, त्याच वर्षी वॉशिंग्टनविरुद्ध २-१, २०१३ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ५-०, २०१४ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध २-१ आणि पिट्सबर्गविरुद्ध २-१, २०१५ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ओव्हरटाइममध्ये २-१. शेवटचा, २०१५ चा टॅम्पा बेविरुद्धचा, ०-२ असा गेला. बेरीज करून पाहा: आठ सामन्यांत त्याने एकूण नऊ गोल दिले. रेंजर्सने जिंकलेल्या सहा सामन्यांपैकी पाच सामन्यांत त्यांनी केवळ दोन-दोन गोल केले होते. त्यातल्या ओव्हरटाइमपर्यंत न गेलेल्या चारपैकी कोणत्याही सामन्यात त्याने आणखी एक गोल दिला असता तर सामना बरोबरीत गेला असता, आणि दोन दिले असते तर संघ हरलाच असता; २०१५ च्या वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात तर निर्धारित वेळेतला एकच जास्तीचा गोल हरायला पुरेसा होता. इतक्या अरुंद कडेवरून एक गोलरक्षक संघाला वर्षानुवर्षे चालवत नेतो, ही गोष्ट मला कोणत्याही ट्रॉफीइतकी मोलाची वाटते.

कपच्या सर्वांत जवळ तो २०१४ मध्ये पोहोचला. त्या वर्षी पिट्सबर्गविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून रेंजर्सने मालिका जिंकली, माँट्रियालविरुद्धची मालिका १-० अशा शटआउटने संपवली आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलिस किंग्जशी गाठ पडली. मालिका ४-१ अशी गमावली, त्यामुळे ती एकतर्फी झाली असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात किंग्जच्या चार विजयांपैकी तीन ओव्हरटाइममध्ये आले, त्यातले दोन दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. पहिल्या सामन्यात रेंजर्स २-० असे पुढे होते. दुसऱ्यात ४-२ असे पुढे होते, तेव्हा ड्वाइट किंगने गोलक्षेत्रात लुंडक्विस्टच्या अंगावर पडत गोल केला आणि पंचांनी तो ग्राह्य धरला. माझ्या मते तो गोलरक्षकाला केलेला अडथळा होता आणि आजच्या नियमांनुसार प्रशिक्षकाने त्यावर दाद मागितली असती. चौथा सामना लुंडक्विस्टने ४० फटके अडवून २-१ असा जिंकून दिला, आणि तिथे नशीबही त्याच्या बाजूने होते, कारण अखेरीस एक पक गोलरेषेवर बर्फाच्या चुऱ्यात अडकून थांबला. पाचव्या सामन्यात त्याने ४८ फटके अडवले. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये किंग्जच्या अॅलेक मार्टिनेझने रिबाउंडवर, म्हणजे अडवल्यावर परत उसळलेल्या पकवर, गोल केला आणि सारे संपले.

त्याचा दोष कुठे होता हेही सांगायला हवे, कारण त्याशिवाय हे उत्तर स्तुतिपाठ होईल. पहिला दोष म्हणजे जाळ्यामागे येणारा पक हाताळण्यात तो कधीच तरबेज नव्हता. मार्टिन ब्रोदरसारखा गोलरक्षक स्वतः पक पुढे देऊन बचावपटूंचे काम हलके करतो. रेंजर्सच्या बचावपटूंना मागे वळून, पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन तो आणावा लागे, आणि दोन महिने चालणाऱ्या प्लेऑफमध्ये या धडकांची किंमत मोजावी लागते. दुसरा दोष, खोल उभे राहिल्यामुळे जाळ्याच्या अगदी तोंडाशी गर्दी झाली की त्याला हलायला जागा उरत नसे, आणि किंग्ज ती गर्दी करण्यात वाकबगार होते. तिसरी बाब, २०१५ च्या उपांत्य मालिकेत टॅम्पा बेविरुद्ध दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात संघाने सहा-सहा गोल खाल्ले. त्या दोन रात्री तो त्याच्या पातळीवर नव्हता. अर्थात त्याच मालिकेत पाचव्या आणि सातव्या सामन्यात रेंजर्सना स्वतःच्या मैदानावर एकही गोल करता आला नाही, हे त्याच पानावर लिहिले पाहिजे.

काही जाणकार आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो विचार करण्यासारखा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये लुंडक्विस्टने सात वर्षांसाठी ५ कोटी ९५ लाख डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला ८५ लाख. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, आणि २०१४-१५ मध्ये ती ६ कोटी ९० लाख होती. एकट्या गोलरक्षकावर सुमारे बारा टक्के खर्च झाले की गोल करणारे खेळाडू घ्यायला पैसे कमी पडतात. किंग्जचा गोलरक्षक जोनाथन क्विक या हिशेबात वर्षाला ५८ लाखांत बसत होता. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो २०१४ पर्यंतच्या प्लेऑफना लागू होत नाही, कारण नवा करार त्या हंगामानंतर सुरू झाला. शिवाय आधीची अनेक वर्षे व्यवस्थापनाने भरमसाट रकमा अशा आघाडीच्या खेळाडूंवर खर्च केल्या होत्या ज्यांच्याकडून तेवढे गोल आले नाहीत. लुंडक्विस्ट जाळ्यात आहे म्हणून बाकीची उणीव झाकली जाईल, ही सवय संघाला लागली होती असे मला वाटते. ती त्याच्या गुणवत्तेची पावती होती आणि तिनेच त्याचे नुकसान केले.

कपवरून गोलरक्षक मोजणे किती फसवे असते, हे रेंजर्सच्याच इतिहासात दिसते. या संघाने तीन गोलरक्षकांचे क्रमांक कायमचे निवृत्त केले आहेत: एडी जाकोमिनचा १, माइक रिक्टरचा ३५ आणि लुंडक्विस्टचा ३०. तिघांपैकी कप फक्त रिक्टरकडे आहे, १९९४ चा, आणि तो संघाने ५४ वर्षांनी जिंकला होता म्हणून न्यूयॉर्कमध्ये त्याचे स्थान अढळ आहे. त्या संघात मार्क मेसियर होता, ब्रायन लीच होता, त्या हंगामात ५२ गोल करणारा अॅडम ग्रेव्हज होता. लुंडक्विस्टच्या रेंजर्समध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांतला यारोमिर यागर सोडला तर त्या तोडीचे आक्रमण कधी उभे राहिले नाही. तरीही हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, जाकोमिन १९८७ पासून आहे आणि लुंडक्विस्टही आहे, रिक्टर नाही. तीन कपांवर नाव असलेला आणि ४०१ सामने जिंकलेला डेट्रॉइटचा ख्रिस ऑस्गुडही नाही.

हॉलच्या २०२३ च्या निवडीत योगायोगाने तीन गोलरक्षक एकत्र आले: लुंडक्विस्ट, टॉम बरॅसो आणि माइक व्हर्नन. बरॅसोने १९९१ आणि १९९२ मध्ये पिट्सबर्गसाठी कप जिंकले होते. व्हर्ननने १९८९ मध्ये कॅलगरीसाठी आणि १९९७ मध्ये डेट्रॉइटसाठी, त्यात दुसऱ्या वेळी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून. दोघांनाही निवृत्तीनंतर सुमारे वीस वर्षे वाट पाहावी लागली. कप नसलेल्या लुंडक्विस्टला पात्रतेच्या पहिल्याच वर्षी निवडले गेले. खेळ आतून जाणणाऱ्या निवडकर्त्यांनी या प्रश्नाला दिलेले हे उत्तर मला बोलके वाटते. त्याच्या आदल्या वर्षी निवडलेल्या रॉबेर्तो लुआँगोकडेही कप नाही. २०११ च्या अंतिम मालिकेत बॉस्टनमधले त्याचे सामने वाईट गेले हे खरे. पण त्याच मालिकेत त्याने दोन सामने १-० असे जिंकून दिले आणि सात सामन्यांत मिळून त्याच्या व्हँकुव्हर संघाने फक्त आठ गोल केले. एवढ्या आधारावर कोणता गोलरक्षक कप जिंकेल?

डॉमिनिक हाशेकचे उदाहरण याहून निर्णायक आहे. त्याने बफेलोसाठी खेळताना १९९७ आणि १९९८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघाला सुवर्ण मिळवून दिले, आणि १९९९ मध्ये अंतिम फेरीत हरला. कप त्याला २००२ मध्ये, डेट्रॉइटच्या ताऱ्यांनी भरलेल्या संघात गेल्यावर मिळाला. हाशेकचे सर्वोत्तम गोलरक्षण डेट्रॉइटमधले होते असे म्हणणारा एकही जाणकार मी पाहिलेला नाही. तो डेट्रॉइटला गेला नसता तर बफेलोतला हाशेक लहान झाला असता का? ज्यांचे उत्तर ‘नाही’ आहे त्यांनी लुंडक्विस्टला तोच न्याय द्यावा.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला आणि त्यातल्या एकाही स्पर्धेत त्याला पदक मिळाले नाही. त्याच्या पिढीतील तो मैदानावरचा श्रेष्ठ आघाडीपटू होता, हे पदकांच्या यादीवरून कोणालाच कळणार नाही.

‘एक कप मिळाला असता तर चित्र बदलले असते का’ याचे माझे उत्तर असे: लोकांच्या बोलण्यात बदलले असते, माझ्या क्रमवारीत फारसे नाही. पॅट्रिक रुआ, हाशेक आणि ब्रोदर यांना मी त्याच्या वर ठेवतो, आणि त्याचे कारण त्यांचे कप नाहीत. रुआने गोलरक्षणाची सगळी शैलीच बदलली, हाशेकची शिखरावस्था अतुलनीय होती, आणि ब्रोदर पक हाताळून सामन्याचा प्रवाह वळवत असे. लुंडक्विस्ट त्यांच्या लगेच खालच्या ओळीत येतो, आणि २००५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत सातत्याच्या बाबतीत त्याच्या शेजारी बसवावा असा दुसरा गोलरक्षक मला दिसत नाही. एवढी वर्षे एकाच संघात, जगातल्या सर्वांत बोलक्या आणि अधीर क्रीडानगरींपैकी एका नगरीत, दर हंगामाच्या सुरुवातीला तोच पहिला गोलरक्षक असणे हे सोपे नाही.

शेवट त्याच्या मनासारखा झाला नाही. ३० सप्टेंबर २०२० रोजी रेंजर्सने त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष विकत घेऊन त्याला मोकळे केले. तो वॉशिंग्टनकडे गेला, पण डिसेंबरमध्ये हृदयविकारामुळे खेळणार नाही असे त्याने जाहीर केले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्यावर हृदयशस्त्रक्रिया होऊन महाधमनीची झडप बदलण्यात आली. वॉशिंग्टनसाठी तो एकही सामना खेळू शकला नाही, त्यामुळे सर्वच्या सर्व ४५९ विजय रेंजर्सचेच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये तो निवृत्त झाला आणि २८ जानेवारी २०२२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा ३० क्रमांक वर चढवण्यात आला.

ज्यांना माझे म्हणणे स्वतः तपासून पाहायचे आहे त्यांनी त्याचे निवडक बचाव जोडलेल्या छोट्या चित्रफितींऐवजी पूर्ण सामने पाहावेत, कारण चित्रफितीत फक्त उड्या दिसतात. २०१३ च्या वॉशिंग्टनविरुद्धच्या मालिकेतील सहावा आणि सातवा सामना लागोपाठ पाहा. रेंजर्स २-३ असे मागे होते आणि त्याने दोन्ही सामन्यांत एकही गोल दिला नाही, १-० आणि ५-०. पक त्याच्याकडे येत नसतो तेव्हा त्याच्या टाचा आणि गोलरेषा यांच्यातले अंतर पाहत राहा. त्यानंतर २०१४ च्या अंतिम फेरीचा पाचवा सामना पाहा आणि तिसऱ्या सत्रापासून पुढे रेंजर्सच्या आघाडीपटूंवर लक्ष ठेवा: क्विकच्या समोर त्यांना किती वेळा नीट फटका मारता येतो, आणि त्याच वेळात दुसऱ्या टोकाला किती काम चालू आहे.